द्वारका ते दांडी

"द्वारका ते दांडी असा प्रवास करून आलो," असे म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, हा गृहस्थ सौराष्ट्र-गुजरातच्या यात्रेला गेला होता. आता प्रसाद आणि चार सुरती मिठाया पुढे येतील. वाचकहो, तसे काही नाही. श्रीकृष्णाची द्वारका समुद्रात बुडाली. आमची द्वारका नाशकात आहे आणि ती सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत रहदारीत बुडालेली असते. दांडीही मिठाच्या सत्याग्रहाची नव्हे. मालवणचा जो किनारा होड्यांनी आणि जाळ्यांनी भरलेला असतो, ती दांडी.

नाशिकची द्वारका म्हणजे चौक. मुंबई-आग्रा महामार्ग इथून जातो आणि पुण्याचा रस्ता इथून फुटतो. पंचवटीच्या रामरायाच्या गावात कृष्णाची नगरी कशी आली, हे कोडे सोडवण्याइतकी सवड चौकात कोणालाच नसते. डोक्यावरून उड्डाणपूल गेला, त्याला दहा वर्षे होऊन गेली. वरची मंडळी सुखाने मुंबईला किंवा धुळ्याला जातात. खालची मंडळी कर्णे वाजवीत एकमेकांची ओळख करून घेतात. मी नोकरीभर चित्रकलेचा मास्तर होतो. निवृत्तीनंतर या चौकापासून पाच मिनिटांच्या गल्लीत राहतो. समुद्र येथून दूर, घाटाखाली. तरीही गेल्या वर्षी आमच्या जेवणाच्या टेबलावर मासेमारी होडीचा पंखा येऊन बसला, त्याची ही हकिगत.

माझे वडील पोस्टात होते. त्यांच्या बदलीमुळे माझी शाळेची चार वर्षे मालवणला गेली. तिथला बाकावरचा सोबती गाबिताचा मुलगा. पुढे त्याने होडी धरली, मी कुंचला धरला. पत्रे, मग फोन, असा संबंध राहिला. नवरात्राच्या आधी एके पहाटे तो पुण्याच्या गाडीने द्वारकेवर उतरला. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात गोणपाटाचे जड पोते.

तो निघाला होता त्र्यंबकेश्वरला, नारायण नागबळी करायला. तीन दिवसांचा विधी. त्याचे धाकटे काका फार वर्षांपूर्वी मासळी घेऊन परतताना वाऱ्यात सापडले आणि घरी आले नाहीत. देहही मिळाला नाही. आता तीन हंगाम होडीला बरकत नव्हती. एक इंजिन पिस्टन जाम होऊन गेले, सोसायटीचे कर्ज काढून दुसरे घेतले, तर तेही तापू लागले. घरच्यांनी सांगितले, काकांचे राहून गेले आहे ते आधी कर. तो निघाला, आणि निघताना होडीचा वाकलेला पंखाही पोत्यात घातला. नाशकात कारखाने आहेत, कारागीर आहेत, कोणी सरळ करून देईल म्हणून. मला हे फार आवडले. देवाचे देवाला, मिस्त्रीचे मिस्त्रीला.

"वहिनी, ह्या पोत्याक वास येता, गॅलरीत ठेवतंय," तो संकोचून म्हणाला.

"असू द्या हो भावोजी," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. पण तो त्र्यंबकला गेल्यावर तीन दिवस गॅलरीतली तुळस त्यांनी आत घेतली होती, हेही सांगितले पाहिजे.

चौथ्या दिवशी तो परतला. मुंडण केलेले डोके, चेहरा हलका झालेला. आम्ही पोते घेऊन चौकाजवळच्या एका गॅरेजात गेलो. तिथले मिस्त्री पूर्वी ट्रक चालवीत. मूळचे खानदेशातले, समुद्र त्यांनी पाहिला तो मुंबईच्या गोदीच्या फाटकातून. त्यांनी पंखा एका सळईवर घालून फिरवला, एक डोळा मिटून पाहिला आणि विचारले, "कुठल्या गाडीचा आहे, मास्तर?"

मी सांगितले. मग त्यांनी माझ्या मित्राला दोनच प्रश्न केले. "गाडी रिकामी चालते की माल भरून?" आणि "गिअर किती?"

"जाताना रिकामी, येताना भरलेली. गिअर पुढचो एक, मागचो एक."

"म्हणजे पुढे जायला एकच. मग भाऊ, हा पंखाच तुमचा गिअर झाला. कसाऱ्याचा घाट भरल्या ट्रकने टॉपमध्ये चढवाल का? इंजिन घुसमटेल, तापेल, मरेल. वाकलेलं मी सरळ करीन. पण हा टॉपचा असला तर सरळ करून उपयोग काय?"

शाळेत मी भूमिती शिकवली, पण इतक्या थोडक्यात मला कधी समजावता आले नाही.

आता ज्यांनी असा पंखा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. होडीच्या मागे बाहेरून टांगायचे जे इंजिन असते, त्याच्या पायाशी तीन पात्यांचा पंखा असतो. त्याच्या तुंब्यावर दोन आकडे कोरलेले असतात. या पंख्यावर होते सव्वानऊ आणि १२. पहिला आकडा व्यासाचा: पात्यांची टोके जे वर्तुळ काढतात ते सव्वानऊ इंचांचे. दुसरा आकडा पीचचा. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो एका आट्याइतका आत जातो. तसा पाणी हे लाकूड असते, तर हा पंखा एका फेऱ्यात १२ इंच पुढे गेला असता. पाणी लाकूड नसते. ते सरकते, निसटते, म्हणून प्रत्यक्षात होडी त्याहून कमीच जाते. जड होडीच्या बाबतीत तर निम्मेअधिक पीच पाण्यातच जिरते. पीच मोठा म्हणजे प्रत्येक फेऱ्यात मोठे पाऊल. पण मोठे पाऊल टाकायला पायात जोर हवा. डोक्यावर हारा घेतलेली बाई लांब टांगा टाकीत नाही.

या पीचच्या भानगडीत मोठमोठे लोक फसले आहेत. इंग्लंडात फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या शेतकऱ्याने १८३६ साली आगबोटीसाठी स्क्रूचे पेटंट घेतले. त्याचा स्क्रू लाकडी होता, दोन पूर्ण वेढ्यांचा, लांबलचक. १८३७ साली पॅडिंग्टनच्या कालव्यात चाचणी चालू असताना तो कशावर तरी आपटून अर्धा तुटून पडला, आणि होडी थांबायच्या ऐवजी अधिक जोराने पळू लागली! ही गोष्ट मी मित्राला सांगितली तेव्हा तो खूप वेळ हसला आणि मग म्हणाला, "म्हणजे माझोय अर्धो तोडूचो?"

तोडायचा नव्हता, मोजायचा होता. त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर ड्रॉइंगचा कागद. कागदावर तीन इंच त्रिज्येचे वर्तुळ काढले, मध्यापासून ३० अंशांच्या अंतराने रेषा मारल्या, आणि पंखा तुंब्यावर बरोबर मध्यावर उभा ठेवला. एका पात्याखाली दोन लागोपाठच्या रेषांवर गुण्या धरून कागदापासून पात्याची उंची मोजायची. दोन उंचींतला फरक म्हणजे ३० अंशांतली चढण. पूर्ण फेरा ३६० अंशांचा. म्हणून फरकाला १२ ने गुणले की पीच. फरक १ इंच भरला तर पीच १२. पहिले पाते बरोबर भरले. दुसरे जेमतेम ११. तिसरे, जे खडकावर आपटले होते आणि किनाऱ्यावर कोणी हातोडीने सरळ केले होते, ते १३ च्या जवळ. एका गाडीला तीन चाके तीन मापांची लावली तर जे होईल ते होत होते. होडीचा पाटा थरथरत असे, तो याने.

मिस्त्रींनी दोन दिवस घेतले. ॲल्युमिनिअम तापवणे हे नाजूक काम. लोखंड लाल होऊन बजावते, ॲल्युमिनिअम रंग न बदलता एकदम वितळते. त्यांनी लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने पाती बसवली, मी कागदावर मोजीत गेलो. तिन्ही पाती बाराच्या आसपास आली. मजुरी घेताना त्यांनी बजावले, "बारा इंचांचे आठ माझ्या हातून होणार नाहीत. भरल्या मालाने इंजिन किती फेरे मारतं ते मोजा, मगच नवा घ्या." आणि पेटीतून एक चिमुकले यंत्र काढून दिले. त्याची तार प्लगच्या तारेला गुंडाळायची. ठिणग्या मोजून ते फेऱ्यांचा आकडा दाखवते. "दिवाळीनंतर आणून द्या," म्हणाले. यंत्र हातात आल्यावर ते घेऊन कोणी तरी मालवणला जाणे भागच होते. सौभाग्यवतींना हा युक्तिवाद पटला नाही, पण फराळाचा डबा मात्र त्यांनी भरून दिला.

द्वारकेवरून संध्याकाळी गाडी धरली. सिन्नर, संगमनेर जागेपणी, चाकण अर्ध्या झोपेत, पुण्याला चहा, साताऱ्यापुढे काय झाले ते ठाऊक नाही. कोल्हापुरात उजाडले. तिथून राधानगरीमार्गे फोंडाघाट उतरला की हवा ओलसर होते, केळी दिसू लागतात आणि कंडक्टरच्या बोलण्याला हेल येतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत उतरत होती. एरवी मी दरीकडे पाहिले असते. या वेळी गिअरच्या दांड्याकडे पाहत होतो.

दांडीच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याचे काम सुरू केले. पाहुण्याला तट दिसतो. मच्छीमाराला तटाभोवतीचे खडक दिसतात. पाण्याच्या वर डोके काढलेले काही, आणि भरतीला लपणारे कितीतरी. वाट माहीत नसलेल्या गलबताला इथे आत शिरणे अवघड, हे शत्रूच्या बाबतीत फायद्याचे होते. आपल्याच पंख्याच्या बाबतीत खडक आपपर मानीत नाहीत.

मित्राची होडी फायबरची, चोवीस फुटी. इंजिन १५ अश्वशक्तीचे, दोन स्ट्रोकचे. बाराचा पंखा त्याने हौसेनेच घेतला होता. एका हलक्या होडीला तेच इंजिन, तोच पंखा. ती पाण्यावरून उडत जाताना पाहिली. "पंखो मोठो घेतलंय, वेग येतलो म्हणान." त्या होडीत दोन माणसे होती. याच्या होडीत चार माणसे, ओली जाळी, बर्फाची पेटी आणि देवाची कृपा असेल त्या दिवशी बांगडा.

पंखा काढल्याबरोबर पहिली शिकवण मिळाली. मागच्या दांड्याभोवती नायलॉनची दोरी घट्ट गुंडाळलेली. जाळ्याचे तुटके धागे पंख्यामागे शिरून असे बसतात आणि हळूहळू तेलाचे सील कापतात. मग गिअरात पाणी जाते. आम्ही खालचा स्क्रू सैल करून तेलाचा थेंब पाहिला. पाणी शिरले असते तर ते दुधाळ दिसले असते. स्वच्छ निघाले. मित्राने दर्याकडे पाहून हात जोडले.

इंजिनाच्या पुस्तिकेत लिहिले होते: पूर्ण जोर दिल्यावर फेरे मिनिटाला ४५०० ते ५५०० यांच्या दरम्यान पडले पाहिजेत. त्याहून कमी पडले तर इंजिन ओझ्याखाली दडपले आहे, जास्त पडले तर मोकाट सुटले आहे. पीच एक इंचाने कमी केला की फेरे साधारण दीडशे-दोनशेने वाढतात, असा कारागिरांचा अडाखा. आम्ही मासळीच्या जागी वाळूची पोती भरली, चार माणसे घेतली आणि खडकांच्या बाहेर मोकळ्या पाण्यात गेलो. एकदा वाऱ्याच्या तोंडावर, एकदा वाऱ्याबरोबर, म्हणजे फसगत नको.

बाराचा पंखा: पूर्ण जोर देऊनही ४१००. यंत्राकडे पाहत मित्र काही बोलला नाही. तीन हंगाम त्याने आपल्या इंजिनाला घाट टॉपमध्ये चढायला लावले होते. पहिले इंजिन का गेले, त्याचे उत्तर त्या आकड्यात बहुधा होते.

शेजाऱ्याकडून पावणेदहा पीचचा उसना आणला. ४६००. होडीच्या नाकाचा उर्मटपणा कमी झाला, मागचा भाग कमी बसला. तिसरा, आठचा, बाजारातून परत घेण्याच्या बोलीवर आणलेला. ४९५०. होडी जागची अशी उचलली गेली की बर्फाच्या पेटीवर बसलेला पोरगा मागे पडला. हिशेब पाहा: त्या इंजिनात गिअरमुळे पंख्याचे फेरे इंजिनाच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे मिनिटाला २४०० च्या जवळपास, गुणिले ८ इंच, मिनिटाला १६०० फूट, कागदावर ताशी अठरा मैल. होडी प्रत्यक्षात याच्या निम्म्यानेच चालत होती. पण बाराच्या पंख्याचा कागदावरचा वेग बावीस मैलांहून अधिक भरत होता, आणि होडी प्रत्यक्षात आठच्या पंख्याहून हळू जात होती.

मग वाळू काढून रिकामी होडी पळवली. इथे गंमत झाली. पावणेदहाचा पंखा ५२०० दाखवी; भरलेली असो, रिकामी असो, दोन्ही आकडे पुस्तिकेच्या चौकटीत. आठचा मात्र रिकाम्या होडीला ५६०० वर गेला, चौकटीच्या बाहेर. मास्तरांच्या हिशेबाने निकाल स्पष्ट होता: पावणेदहा. मी कागदावर रेघ मारून तसे सांगितलेही.

मित्राने मान हलवली. "आठचोच घेतंय."

"अरे, रिकामी असताना इंजिन जास्त फिरेल."

"रिकामी आसताना मूठ माझ्या हातात आसा. अर्धी पिरगाळीन. जाताना माका घाई नसता." थोडा थांबून तो म्हणाला, "येताना असता."

यावर मी कागद घडी करून खिशात ठेवला. भरलेली होडी, सांजवारा समोरून, खडकांमधली वाट, आणि लाटेच्या पाठीवर क्षणभर जास्तीचा जोर हवा असतो तेव्हा तो मिळणे किंवा न मिळणे. हे गुण्याने मोजता येत नाही. मला त्याच्या काकांची आठवण झाली. त्यालाही झाली असावी, पण तो बोलला नाही आणि मी विचारले नाही.

किनाऱ्यावर सल्लागारांची वाण कधीच नसते. एक म्हणाला, ॲल्युमिनिअम कशाला, पोलादी घे. पाते पातळ, धार टिकते, वेग मिळतो. खरे आहे ते. पण पोलादी पाते खडकावर वाकत नाही, आपटीचा धक्का सरळ आत दांड्याकडे आणि गिअरकडे पाठवते. पंख्याच्या तुंब्यात रबराचा बुश असतो तो थोडा धक्का खातो, सगळा नाही. "पंखो मोडलो तर चलतला, गिअर मोडूक नये," असे म्हणून मित्राने तो विषय मिटवला. दुसऱ्याने इंजिनाच्या उंचीकडे बोट दाखवले आणि ते मात्र योग्य निघाले. खडकांच्या भीतीने इंजिन वर टांगले होते. पंख्यावर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत असावी लागते. फार वर गेली की लाटेत पंखा पाण्याऐवजी हवा ओढतो, इंजिन किंचाळते आणि होडी जागच्या जागी. ते दीड इंच खाली घेतले.

ही बाहेर टांगायची इंजिने लोकप्रिय करणारा ओले एव्हिनरूड हा अमेरिकेत स्थायिक झालेला नॉर्वेजियन. त्याने १९०९ साली धंदा मांडला. त्याची कथा अशी सांगतात की उन्हाळ्यात सरोवराच्या पलीकडून भावी पत्नीसाठी आइस्क्रीम आणताना वल्ही मारता मारता ते वितळून गेले, आणि तिथून ही कल्पना सुचली. मित्राच्या पत्नीला ही गोष्ट फार आवडली. नवऱ्याकडे पाहून ती म्हणाली, "ह्येंनी कधी बर्फय आणल्यानी नाय, आणलो तो बांगड्यार घालूक."

भाऊबीज झाल्यावर होडी निघाली. दुपार कलल्यावर जाळी भरली, दर्याला नारळ दिला आणि चौघे गेले. मी घरीच राहिलो. असल्या कामात मास्तर म्हणजे पाचवे वाळूचे पोते. रात्री झोप लागली नाही. पहाटे उठून बाहेर आलो, तर मित्राची आई वाळूत पालथ्या होडीला टेकून बसली होती. ऐंशीच्या पुढची म्हातारी. रोज बसते, म्हणे. दिसत तिला बेताचेच, पण दांडीवरच्या प्रत्येक होडीचे इंजिन ती आवाजाने ओळखते. "हो अमक्याचो," "हो तमक्याचो," असे ती मला सांगत होती आणि खरोखर थोड्या वेळाने अंधारातून तीच होडी पुढे येई.

वारा जमिनीवरून सुटला होता, होड्यांच्या तोंडावर. किल्ल्याच्या मागून एक आवाज आला. सलग, उंच, न अडखळणारा. म्हातारी कान देऊन ऐकत राहिली. मग मान हलवली.

"हो आवाज आपलो न्हय."

मी काही बोललो नाही. आवाज खडकांच्या वाटेला वळला, कमी झाला, पुन्हा वाढला. कंदिलाचा उजेड दिसू लागला. होडी पाण्यात इतकी खाली बसली होती की काठ आणि लाट यांत वीतभर अंतर होते, आणि पेटीवर तोच पोरगा, या वेळी दोन्ही हातांनी घट्ट धरून.

म्हातारी उठून उभी राहिली. "कोण ता?" तिने अंधारात ओरडून विचारले.

"मीच गे आये," होडीतून आवाज आला. "पंखो बदललो मा!"